विश्लेषण : कर्नेलमधल्या एका नावावरून एवढा काथ्याकूट कशासाठी?

तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स कर्नेल आहे. कर्नेलमध्ये कुणी बदल सुचवला की आधी इतर डेव्हलपर तो तपासतात. कोड नीट चालत असला, तरी ‘हे नाव दिशाभूल करतंय’, ‘ही कमेंट आता खरी नाही’ असे आक्षेप येतात. बाहेरून बघणाऱ्याला हा कीस वाटतो. पण तसं नाही.

नाव काय सांगतं, कोड काय करतो?

‘अ‍ॅक्सेस_ओके’ हे फंक्शन घ्या. नावावरून वाटतं, त्या पत्त्यावरची मेमरी वापरायला हरकत नाही, याची हे खात्री देतं. प्रत्यक्षात ते एवढंच बघतं, की अ‍ॅपनं दिलेला पत्ता अ‍ॅपच्याच हद्दीत आहे, कर्नेलच्या नाही. तिथं मेमरी आहे का, लिहिता येते का, हे पुढे डेटा कॉपी करतानाच कळतं.

त्यात भर म्हणजे, हे फंक्शन वापरताना ‘व्हेरिफाय_रीड’ की ‘व्हेरिफाय_राइट’ हेही सांगावं लागे. ही सोय जुन्या ३८६ प्रोसेसरसाठी होती. कर्नेल मोडमध्ये तो ‘इथं लिहू नये’ ही खूण जुमानत नसे. २०१२च्या अखेरीस ३८६चा आधारच काढला गेला. तरीही डेव्हलपर इमानेइतबारे ‘व्हेरिफाय_राइट’ लिहीत राहिले आणि कुणीच काही व्हेरिफाय करत नव्हतं! अखेर जानेवारी २०१९ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी शेकडो ठिकाणांहून ते काढून टाकलं.

हद्दीची तपासणी राहून गेली तर काय होतं, हे २०१३ मध्ये दिसलं होतं. एआरएम प्रोसेसरच्या जुन्या कर्नेलमध्ये ‘गेट_यूजर’ आणि ‘पुट_यूजर’ पत्ता नीट तपासत नव्हते. त्याचा फायदा घेऊन अँड्रॉइड फोनवर हल्ले झाले. तिथं दोष नावाचा नव्हता. पण नावावर विसंबून कुणी तपासणी गाळली, तर भोक तसंच पडतं.

कमेंटचं दुखणं वेगळं. कंपायलर ती वाचतच नाही. खालचा कोड बदलतो, वरची ओळ जुनंच सांगत राहते. म्हणूनच कमेंटमध्ये कोड ‘काय’ करतो ते लिहा, ‘कसं’ ते नको, असं कर्नेलची नियमावली सांगते.

मग नावं सरसकट बदलत का नाहीत? कारण जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या नेणं अवघड होतं, बाहेरचे ड्रायव्हर मोडतात. त्यामुळे रिव्ह्यूअरनं पहिल्याच पॅचला अडून बसावं, हेच स्वस्त. ‘अ‍ॅक्सेस_ओके’च्या बाबतीत ती वेळ कधीच गेली. ते नाव कर्नेलमध्ये अजून तसंच आहे.