कलामसाहेब आणि माझे नाना

१५ ऑक्टोबर हा कलामसाहेबांचा जन्मदिवस आपल्या राज्यातल्या शाळांत २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. उर्दू शाळांत त्या दिवशी जरा जास्तच उत्साह असतो. दोन-चार मुलांना पांढऱ्या केसांचा टोप घालून कलामसाहेब बनवतात, भाषणे होतात, आणि प्रत्येक भाषण 'तुम्हीही कलामसाहेबांसारखे व्हा' यावर येऊन थांबते. त्यात वाईट काही नाही. मला खटकते ते एवढेच, की आमच्या मुलांपुढे ठेवायला सगळ्यांना हे एकच नाव सापडते. बिरादरीबाहेरचे काही लोक तर ते दाखल्यासारखे वापरतात. 'मुसलमान असावा तर कलामांसारखा' हे वाक्य मी स्टाफरूमपासून एसटीपर्यंत इतक्या वेळा ऐकले आहे, की आता बोलणाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच ते कळते. त्याला ती तारीफ वाटते. माझ्या कानाला मात्र असे ऐकू येते, की रॉकेट उडवून राष्ट्रपती होईपर्यंत बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावे.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, असे कुठल्याच दाराबाहेर थांबले नाहीत. सातवी पास, वालचंदनगरच्या कारखान्यात वेल्डर. इंदापूर तालुक्यातल्या या गावात साखर कारखान्यांची यंत्रे बनत, आणि सत्तरच्या दशकापासून तिथेच इस्रोच्या रॉकेटसाठी पोलादी कवचे बनू लागली. 'अंतराळ क्षेत्रात काम केले' असे कोणी म्हटले असते तर नाना पोट धरून हसले असते. काय काम करता असे कोणी विचारले की ते सांगत, "रॉकेटचं पंक्चर काढतो."

विनोद असला तरी ते खोटे नव्हते. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये वेगळी भट्टी नसते. ज्या नळकांड्यात इंधन भरलेले असते, त्याच्याच पोटात ते जळते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे हे नळकांडे २.८ मीटर व्यासाचे, पाच तुकडे जोडून केलेले. आत शंभर टनांहून जास्त इंधन, आणि ते सगळे दोन मिनिटांच्या आत खलास. तो दाब पोलादाच्या जेमतेम काही मिलिमीटर भिंतीने सोसायचा. जोडात बारीकसा बुडबुडा राहिला तरी खेळ संपला. म्हणून प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो, मग आत पाणी भरून दाब देऊन बघतात. नाना म्हणत, "हमारे बावा दर्जी थे, मैं भी दर्जी. कपडा जरा सख्त है बस." त्यांचे वडील खरोखरच दर्जी होते.

२० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण झाले आणि फसले. पहिला टप्पा चोख चालला, दुसरा सुटताना गडबड झाली, सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे यान सावरले नाही आणि बंगालच्या उपसागरात गेले. मी तेव्हा शाळेत होतो. देशभर हळहळ, आणि आमचे नाना गल्लीत उभे राहून सांगताहेत, "आपला टाका उसवला नाही, वरच्यांनी घोळ केला!" त्या यानात त्यांच्या हातचा जोड होता का, हे कुठल्याही कामगाराला छातीठोक सांगता येत नाही. नानांच्या मते होताच. त्या दिवाळीत शेजारच्या काकांच्या पोरांना जमवून त्यांनी बाटलीत रॉकेट लावले, दहापासून उलटे आकडे मोजले, आणि रॉकेट वाकडे होऊन कुणाच्या तरी कडब्यात शिरल्यावर गंभीर चेहऱ्याने जाहीर केले, "दुसऱ्या टप्प्यात बिघाड." कडबा विझवायलाही तेच आधी धावले. पुढच्या वर्षी पीएसएलव्ही यशस्वी झाले ते १५ ऑक्टोबरलाच. पण शाळेतल्या भाषणांत हा योगायोग मी कधी ऐकलेला नाही.

आज इंटरनेटवर 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्यासाठी शिवी म्हणून वापरतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, लेथवर काम करतात. वर्गात 'वडिलांचा व्यवसाय' विचारला की ती मुले आवाज बारीक करतात, नाहीतर नुसतेच 'बिझनेस' म्हणतात. ही लाज बाहेरून आली हे खरे, पण ती जोपासायचे काम आपणही करतो. हाताने काम करणाऱ्या बापाच्या मुलाला एकदम शास्त्रज्ञ व्हायला सांगायचे, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून टाकायच्या. कलामसाहेब स्वतः एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते. रॉकेट किती हातांतून जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसरी एक गोष्ट. आदर्श मुसलमान म्हटला की तो सदा गंभीर, साधा, अपार देशभक्त हवा. नाना पाच वक्त नमाजी नव्हते, जुम्मा मात्र चुकवत नसत. दादा कोंडकेंचे सिनेमे त्यांना तोंडपाठ. उरुसातल्या कव्वालीला पहाटेपर्यंत पुढच्या रांगेत. कॅरममध्ये सरळ सरळ फसवायचे, आणि नातवंडांनी पकडले की पंचालाच ओरडायचे. देशावरच्या प्रेमाबद्दल त्यांच्या तोंडून मी एकही वाक्य ऐकलेले नाही. त्यांना त्याची गरजच पडली नसावी.

१४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ ने सोडलेले, तिरंगा रंगवलेले छोटे यान चंद्रावर आदळले. त्यानंतर दोन आठवड्यांनी बकरी ईदच्या चाँदवरून मशिदीच्या ओट्यावर नेहमीचा वाद रंगला. दिसला, नाही दिसला, अमुक गावाहून खबर आली, तमुक गावाहून नाही आली. नाना तोवर पुरते थकले होते, काठी टेकत येऊन बसले होते. म्हणाले, "झगडा काहेकू? अपना झंडा वाँ पडा है ना. उसकुच फोन लगाके पुछो." मौलाना इतके हसले की वाद कशावरून होता तेच कोणाच्या ध्यानात राहिले नाही.