पाण्याची भीती आणि पाण्याची ओळख



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता चर्चच्या ओसरीवर माझी वाट पाहत उभी होती. हातात एका शिबिराचे पत्रक होते. उन्हाळ्याच्या सुटीत भोपाळच्या मोठ्या तलावावर मुलांना शिडाची होडी हाकारावयास शिकविणार होते, आणि तिच्या चौदा वर्षांच्या कन्येने घरात एकच धोशा लावला होता. "गुरुजी, पोरीचे मन मोडवत नाही," ती म्हणाली, "आणि ह्यांच्यापुढे विषय काढण्याची माझी छाती होत नाही. धाकटे दीर शेततळ्यात गेले, तेव्हापासून घरात पाण्याचे नावही कोणी काढीत नाही. तुम्हीच काय ते सांगा."

मी तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही. असे उत्तर उभ्या उभ्या देऊ नये. शिवाय हा प्रश्न तिच्या एकटीच्या घरचा नाही, म्हणून त्याचा विचार ह्या पानावर सर्वांसमक्ष करीत आहे.

प्रथम एक शंका दूर करू. कोणी म्हणेल, धार आणि देवास ही माळव्याची गावे. येथे काळी जमीन, गहू आणि हरभरा. समुद्र शेकडो कोस दूर. आमच्या मुलांना शीड आणि सुकाणू काय करावयाचे? परंतु आपल्या धारनगरीचा इतिहास निराळेच सांगतो. अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या राजा भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरू' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. त्यात नौका कोणत्या लाकडाची करावी, तिची लांबी, रुंदी व उंची किती असावी, तिचे प्रकार कोणते, ह्याचे सविस्तर विवेचन आहे. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या तळाच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, पाण्यातील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील, असाही इशारा त्यात दिला आहे. आज आपण त्या खडकांवर विश्वास ठेवणार नाही. परंतु समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या राजाच्या नावावर नौकाबांधणीचा ग्रंथ असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भोपाळचा मोठा तलावही ह्याच भोजराजाने बांधविला, असे परंपरा सांगते.

आता अलीकडची गोष्ट. देवास जिल्ह्यात हाटपिपल्याजवळ अमलताज नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्याची कन्या नेहा ठाकूर भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन शाळेत शिडाची होडी शिकली. २०२३ साली चीनमध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने रौप्यपदक मिळविले. तिची होडी एकट्याने चालवावयाची, सुमारे सव्वाचार मीटर लांबीची. एकंदर अकरा शर्यती झाल्या. ह्या खेळात जितका क्रमांक तितके गुण, आणि ज्याचे गुण कमी तो वरचढ. सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. नेहाचे एकंदर बत्तीस गुण झाले. पाचव्या क्रमांकाची एक शर्यत वगळली, तेव्हा सत्तावीस उरले. एखादा वाईट दिवस आला म्हणून सगळे संपत नाही, हे ती मुले शर्यतीच्या नियमातूनच शिकतात.

तिच्या पूर्वी, २०१८ साली, जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत हर्षिता तोमर हिने वयाच्या सोळाव्या वर्षी कांस्यपदक मिळविले होते. तिचेही शिक्षण भोपाळच्याच पाण्यावर झाले. म्हणजे आमच्या मुलींना पाणी परके आहे, हे म्हणणे आता टिकत नाही.

असल्या शिक्षणात मुले शिकतात तरी काय? पहिला धडा होडी उलटण्याचा असतो. जाकीट चढवून मुलाला मुद्दाम पाण्यात पाडतात, आणि होडीच्या तळाखालून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन तिला पुन्हा सरळ कशी करावयाची, ते दाखवितात. हे साधल्यावाचून पुढचा पाठ नाही. दुसरा धडा वाऱ्याचा. शिडाची होडी वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाऊ शकत नाही. समोरून वारा असला तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत, नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. तेथे हट्ट चालत नाही. वाऱ्याशी भांडणारा जागच्या जागी राहतो. वारा ओळखणारा पैलतीर गाठतो.

समुद्रावरील प्रवासांतून तरुणांना घडवावे, ही कल्पना जगात नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी लवकर दम सोडीत, आणि वयाने मोठे पण कसलेले खलाशी जगत, असे जहाजांचे मालक लॉरेन्स होल्ट ह्यांस दिसून आले. म्हणून त्यांनी व शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान ह्यांनी १९४१ साली वेल्समधील अॅबरडोव्ही येथे मुलांसाठी सुमारे महिन्याभराचे शिक्षण सुरू केले. हेतू पदकांचा नव्हता. संकटात मुलाने हातपाय गाळू नयेत आणि शेजाऱ्याचा हात सोडू नये, एवढाच होता. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेचे नौदल पथक हेच काम करते. त्याचे एक पथक भोपाळलाही आहे. तेथील मुले वल्ही मारतात, शिडे चढवितात आणि निवडक मुले सागरी मोहिमांत व पाणबुडीच्या शिक्षणातही भाग घेतात.

पाणबुडीचे, म्हणजे स्कूबाचे, आकर्षण आजच्या मुलांना फार. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो व एमिल गान्यां ह्यांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा पाण्याखाली बेताने पुरविणारे यंत्र तयार केले, तेव्हापासून ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्या महाराष्ट्रात मालवणजवळ तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन महामंडळाने तिची शिक्षणसंस्था उभारली आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ पाहता येतात. सुटीत कोकणात गेलेली मुले ते पाहण्याचा हट्ट धरतातच.

ह्याविषयी आईबापांनी एक गोष्ट समजून घ्यावी. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरील दाब दुप्पट होतो. तेथे छातीत घेतलेली हवा, श्वास रोखून वर आल्यास, फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये. दुसरा, वर येताना घाई करू नये. तिसरा, कान दुखू लागले तर आणखी खाली जाऊ नये. आणि चौथा, एकट्याने कधी जाऊ नये. पाडी ह्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांखालील मुलाला समुद्रातील शिक्षणाचा दाखला मिळत नाही, आणि दहाअकरा वर्षांच्या मुलाने बारा मीटरांखाली जावयाचे नसते. मुलाला दमा, कानाचा विकार किंवा फेफरे असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये.

आता धोक्याविषयी. तो लपवून ठेवणे हे माझ्या धर्मात बसत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची एक होडी उलटून दोघांचे प्राण गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा आहे.

परंतु ही मुले कोठे बुडतात, ह्याचा विचार करा. बहुतेक जण शिबिरात नव्हे, तर घराजवळच्या पाण्यात बुडतात. आपल्या देवास जिल्ह्यात २००६ पासून हजारो शेततळी झाली. त्यांनी शेते हिरवी केली, हा उपकार विसरता येणार नाही. पण त्यांचे काठ उतरते, आणि प्लास्टिक अंथरलेले असेल तर निसरडे. आत पडलेल्या मुलाला पाय रोवावयास जागा मिळत नाही. देवास जिल्ह्यात नेमावरपाशी आणि धार जिल्ह्यात धरमपुरीपाशी नर्मदा वाहते. सरदार सरोवर २०१९ साली पूर्ण भरले, तेव्हा धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखलदा ह्यांसारख्या गावांत पाणी शिरले. म्हणजे आम्ही पाण्याकडे गेलो नाही तरी पाणी आमच्याकडे आले आहे. मुलाला पाण्यापासून दूर ठेवणे आता आपल्या हाती उरलेले नाही. पाण्याची ओळख करून देणे मात्र आपल्या हाती आहे.

पवित्र शास्त्रातील एक प्रसंग येथे आठवतो. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचे जहाज चौदा रात्री वादळात भरकटते. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे. पौल त्यांना धीर देतो, देवाची कृपा सांगतो, आणि अन्न खावयास लावतो. परंतु जहाज वाळूत रुतून फुटू लागते, तेव्हा शताधिपती आज्ञा करतो की ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्या, आणि बाकीच्यांनी फळ्यांवर व जहाजाच्या तुकड्यांवर किनारा गाठावा. सर्वच्या सर्व वाचतात. देवाने त्यांना वाचविले, ह्यात संशय नाही. पण ज्यांना पोहता येत होते त्यांना त्याने पोहावयास लाविले. प्रार्थना करून पोहणे न शिकणे ही श्रद्धा नव्हे. आणि पोहता येते म्हणून प्रार्थना सोडणे हेही शहाणपण नव्हे.

धैर्याविषयीही एक शब्द. ह्याच देवास जिल्ह्यात उदयनगर येथे गरिबांची बाजू घेणाऱ्या सिस्टर राणी मारिया ह्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी आपले प्राण वेचले, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने त्यांस धन्य घोषित केले. त्यांनी धोका हौसेने पत्करला नव्हता. दुसऱ्यासाठी उभे राहताना तो वाटेत आला, आणि त्या मागे फिरल्या नाहीत. आपल्या मुलांना धैर्य शिकवावयाचे ते अशासाठी. जो मुलगा स्वतः तरतो, तोच उद्या बुडत्यासाठी दोर टाकील.

म्हणून कोणत्याही शिबिराचे पत्रक हाती आले की पालकांनी संकोच न करता विचारावे: मुलाला पोहता येते की नाही, हे आधी पाहता काय? प्रत्येकाला मापाचे जाकीट मिळते काय, आणि ते पाण्यात सर्व वेळ अंगावर राहते काय? एका शिक्षकामागे मुले किती? बचावाची होडी पाण्यात उभी असते काय? वादळवाऱ्याची चिन्हे दिसली तर शिक्षण थांबविण्याचा अधिकार कोणाचा? मुलींच्या निवासाची व्यवस्था कोण पाहते, आणि तेथे स्त्री अधीक्षक आहे काय? सर्वांत जवळचे इस्पितळ किती दूर? जो ह्या प्रश्नांनी रागावतो, त्याच्या हाती मूल देऊ नये. जो शांतपणे उत्तरे देतो आणि स्वतः जागा दाखवावयास नेतो, त्याचा विचार करावा.

ही उत्तरे मनाशी जुळवून मी बुधवारी त्या घरी गेलो. मुलीचे वडील अंगणात खाट टाकून बसले होते. मी पत्रक काढले नाही; त्यांच्या भावाविषयी विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी काठावर आम्ही चौघे होतो. चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते." आत चुलीपाशी मुलगी ऐकत होती.

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पत्रक मागितले आणि दोनदा वाचले. यंदा शिबिरास होकार दिलेला नाही. परंतु त्यांनी ठरविले आहे की मुलीने आधी पोहणे शिकावे, आणि शिबिर सुरू असताना आपण तिला घेऊन एक दिवस भोपाळला जावे व सारे डोळ्यांनी पाहावे. मन भरले तर पुढल्या वर्षी पाठवू, म्हणाले. मला हा निर्णय योग्य वाटला. मुलीला तो फारसा आवडला नाही, हेही खरे. पण निघताना तिने मला पोहणे किती दिवसांत येते, असे विचारले.

वाचकहो, माझी आपणांस एक विनंती आहे. ह्या सुटीत प्रत्येक धर्मग्रामाने, दूरच्या समुद्राची गोष्ट बाजूस ठेवून, आपल्या मुलामुलींना पोहणे शिकविण्याची सोय करावी. जाणता शिकविणारा, उथळ आणि स्वच्छ पाणी, काठावर मोठी माणसे आणि हाताशी दोर, एवढे जमविता येईल. आणि ज्याच्या शेतात तळे आहे, त्याने आजच त्यात गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब बांधून ठेवावी. त्याला खर्च थोडा. पण ती नसल्याची किंमत त्या अंगणात मी पाहून आलो आहे.

पेत्र तर जन्माचा कोळी होता, तरी लाटा पाहून भ्याला आणि बुडू लागला. प्रभूने त्यास दोष दिला तो हात धरून वर काढल्यानंतर. आपणही आपल्या मुलांचा हात आधी धरू या. समुद्राची तारका पवित्र मरिया, तळ्याकाठी, नदीकाठी व सागरावर असलेल्या आपल्या सर्व लेकरांना सांभाळो.