मामाचे पैसे, मार्चचा हप्ता

स्वतःचा व्यवसाय म्हटला की पहिल्या तारखेला पगार नाही, पण कराच्या तारखा मात्र पक्क्या: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा अधिक निघाला की आगाऊ कर भरायचा. चुकलात तर महिन्याला एक टक्का व्याज. नेमकं तेव्हाच ग्राहकाचं बिल अडकतं आणि घरचे धावून येतात. आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी यांनी कितीही दिलं तरी त्या भेटीवर कर नाही. चुलतभाऊ मात्र कायद्याच्या लेखी परका. अशा परक्यांकडून वर्षात ५०,००० हून जास्त आले, तर सगळीच रक्कम करपात्र. गंमत म्हणजे मामाने भाच्याला दिले तर माफी, भाच्याने मामाला दिले तर नाही! (भाच्यांना हे कलम आधीपासून ठाऊक असावं.) माझं ऐकाल तर पैसे बँकेतूनच घ्या आणि भेट असल्याचं मामांकडून दोन ओळींत लिहून घ्या. ‘घरात कसले कागद?’ म्हणून ते रुसतील, रुसू द्यात. आणि ते पैसे उसने असतील, तर २०,००० किंवा त्याहून अधिक रोखीत घ्यायला कायद्याचीच मनाई आहे.