जिवाणी परत कुठे सोडणार?



परवा सामायिकानंतर गप्पांत समुद्रातल्या खाणींचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "एवढ्या खोल कसला आलाय जीव? आणि काम सरकारचं, आपल्याला कसलं पाप?" तिथे मी गप्प बसले, पण घरी आल्यावर राहवेना.

आधी गोष्ट काय ते सांगते. १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असतं आणि थोडी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यंही. २००२ मध्ये हिंदी महासागरातला ७५,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळायचा करार भारताला मिळाला. म्हणजे जवळजवळ पाव महाराष्ट्र! २०२१ मध्ये ४,०७७ कोटींची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. त्यात हवामानाचा, जीवसृष्टीचा अभ्यासही आहे, हे कबूल. पण त्याच वर्षी 'वराह' नावाचं खाणयंत्र ५,२७० मीटर खोल चालवूनही पाहिलं. कोनहून पनवेल स्टेशन जेवढं लांब, साधारण तेवढं खोल. प्रत्यक्ष खाणकाम अजून सुरू नाही, म्हणूनच बोलायचं ते आत्ता.

जीव नाही कसा? हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यांना धरून स्पंज वाढतात, आजूबाजूच्या चिखलात किडे राहतात. आणि आपल्याला तर पृथ्वीकाय, अप्काय लहानपणापासून शिकवलेत. प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं आपण म्हणतो, त्यांतलं 'फोडीकम्मे' म्हणजे जमीन फोडून पोट भरणं. ते काय फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या जमिनीपुरतं आहे?

माझ्या सासूबाई पाणी गाळलं की गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत, बादली हलकेच खाली सोडून परत करायच्या. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही, म्हणून एवढा खटाटोप. खाणयंत्र नेमकं उलटं करणार. गोळ्यांबरोबर चिखल-पाणी नळीने जहाजावर ओढायचं, गोळे ठेवून गढूळ पाणी पुन्हा समुद्रात ओतायचं. तो गाळ दूरवर पसरतो, आणि पाणी गाळून जगणारे जीव गाळानेच गुदमरतात. १९८९ मध्ये पेरू देशाजवळ शास्त्रज्ञांनी समुद्रतळ नांगरून पाहिला होता. २६ वर्षांनी गेले, तर नांगराचे चर तसेच होते.

"पण विजेच्या गाड्यांना धातू लागतात, चीनपुढे हात किती पसरायचे?" हा प्रश्न खोटा नाही. पण मी कॉमर्सवाली. नवा माल मागवण्याआधी गोदामातला साठा मोजायचा, हा आमचा पहिला धडा. साठा कुठे आहे? आपल्याच कपाटांत! बंद मोबाइल, जुने चार्जर, बिघडलेला लॅपटॉप. त्यांतही तांबं, कोबाल्ट आहे, चुंबकांत दुर्मिळ मृदा आहे. असे धातू परत मिळवण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये १,५०० कोटींची योजना मंजूर केली. मी म्हणते, आधी ती नीट चालवा, मग समुद्राकडे बघा.

फ्रान्सने २०२२ मध्ये या खाणकामावर सरळ बंदी मागितली. तीसहून जास्त देश निदान 'थांबा' म्हणतायत. अहिंसा जगाला शिकवणारा आपला देश त्यांत नाही, याची मला लाज वाटते. आपण तरी आपल्या खासदारांना हे पत्राने कळवूया.

आणि "आपल्याला कसलं पाप?" म्हणणाऱ्या ताईंना एवढंच सांगते. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा बंध सारखा. चालता फोन टाकून दर दोन वर्षांनी नवा घेणं हे अनुमोदनच. परिग्रहाची मर्यादा आपण सोन्याची, साड्यांची करतो. या पर्युषणात ती फोनचीही करूया, आणि कपाटातले बंद फोन अधिकृत ई-कचरा केंद्रात देऊया. माझ्याकडे चार निघाले. तुमच्याकडे किती?