तीस वाव पाण्याखालचा आरोप

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १० जानेवारी १९६३ रोजी ‘द ट्वायलाइट झोन’ या अद्भुत कथांच्या मालिकेचा ‘द थर्टी-फॅदम ग्रेव्ह’ हा भाग दाखवला गेला. फॅदम म्हणजे सहा फूट, दर्यावर्दी मराठीतला वाव. त्या हिशेबाने कथेतील कबर तीस वाव, म्हणजे सुमारे ५५ मीटर खोल पाण्यात आहे. ग्वाडलकॅनाल बेटाजवळ एका युद्धनौकेला समुद्राच्या तळातून हातोड्याचे ठोके ऐकू येतात आणि शोध घेतल्यावर तेथे १९४२ मध्ये बुडालेली पाणबुडी आढळते. तिच्यावरून एकटाच वाचलेला बेल हा खलाशी नेमका याच नौकेवर असतो. वीस वर्षांपूर्वी त्याच्या हातून इशाऱ्याचा दिवा पडला, शत्रूला प्रकाश दिसू नये म्हणून बसवलेली गाळणी फुटली आणि सोबत्यांचा घात झाला, या समजुतीने तो आतून पोखरलेला असतो. आरशात त्याला मेलेले सोबती खुणावताना दिसतात, कप्तान परोपरीने समजावतो, तरीही तो समुद्रात उडी घेतो. आणि पाणबुडी उघडली जाते, तेव्हा आतील एका मृताच्या हातात हातोडा असतो.

या भागाचा लेखक रॉड सर्लिंग दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढला होता, त्यामुळे इतर मेले आणि आपण उरलो या जाणिवेतून येणारा, मानसशास्त्रात ‘वाचलेल्याचा अपराधभाव’ म्हणून ओळखला जाणारा सल त्याला पुस्तकातून शिकावा लागला नसावा. या कथेतील मृत काही मागत नाहीत, हेच तिचे बळ आहे. ते केवळ बोलावतात, आणि कशाने त्यांचे समाधान होईल याचे उत्तर कोणाकडेही नसते.

मराठी लोकसमजुतीतील भुते मात्र बहुधा मागणेकरी असतात. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, समंधाची वासना अपुरी असते, तर कोकणात बुडून मेलेल्याचे भूत मानला जाणारा गिऱ्हा पाण्याच्या आसपास वावरतो. आणि उतारा, नैवेद्य, तर्पण हे त्या-त्या मागणीचे ठरलेले चुकते करणे असते. पाण्याशी जोडलेली अशी भीती केवळ किनाऱ्यावरची नाही. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातील पोखर्णी या गावापासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर असला, तरी पाण्याचा धाक या भागालाही परका नाही, कारण मराठवाड्यात विहिरीच्या वा नदीच्या काठी शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपाने साती आसरा, म्हणजे जलदेवता, पुजल्या जातात. पोखर्णीचे दैवत नृसिंह आहे आणि त्याची कथा या विषयाला अनपेक्षितपणे जवळची आहे, कारण हिरण्यकशिपूचा न्याय रणांगणावर होत नाही, तर त्याच्याच वाड्याच्या खांबातून बाहेर पडतो. बेललाही त्याचा आरोप त्याच्याच नौकेच्या तळाखालून ऐकू येतो.

झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका या दोन परंपरांच्या मधोमध उभी आहे. समुद्रकाठच्या सिंधुदुर्गात घडणारी ही कथा किनाऱ्यावर न जाता नाईकांच्या वाड्यात थांबते. तिच्यातील भयाचे मूळ वतन, वाटण्या आणि घरातील लपवलेल्या पापांत आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांचा भूतकाळ उलगडून हीच मुळे उघडी केली. म्हणूनच काळ्या बाहुल्या आणि किंकाळ्यांपेक्षा अण्णांचा लोभच प्रेक्षकांच्या अधिक लक्षात राहिला.

मराठी समुद्राकडे अशा कथेचे साहित्य नाही असे मात्र म्हणता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावस्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट वादळात काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने मुंबईला तासन्‌तास पत्ता लागला नाही. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमेल तितक्यांना वाचवले. भर पावसाळ्यात बोट हाकारणाऱ्यांच्या मनावर पुढे काय ओझे राहिले असेल, पाण्यात कोणाचा हात कोणाकडून सुटला असेल आणि तो सुटला की सोडला, हे प्रश्न कोणत्याही हडळीपेक्षा भयंकर आहेत.

अद्भुत मालिका लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी आता वाड्यातून निघून या पाण्याकडे वळावे. तेथे नवी भुते रचण्याची गरज नाही. वाचलेल्या माणसाला नायक करून त्याच्या मनातील हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तरी पुरे आहे.