फूट पाडून निवडणूक जिंकली, पण देश चालला का? गोष्ट गोटाबायांच्या श्रीलंकेची

9 जुलै 2022. कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरलेले आंदोलक स्विमिंग पूलमध्ये उड्या मारत होते. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. चार दिवसांनी गोटाबाया राजपक्षे लष्कराच्या विमानाने मालदीवला पळाले. नोव्हेंबर 2019 मध्ये याच नेत्याला 52 टक्के मतं मिळाली होती.

ती निवडणूक झाली ईस्टर बॉम्बस्फोटांनंतरच्या भीतीत. सिंहली भाग गोटाबायांच्या मागे, तमिळ आणि मुस्लीमबहुल भाग विरोधात, अशी सरळ फाळणी. आपण सिंहली बहुसंख्याकांच्या जोरावर जिंकलो, हे त्यांनी शपथविधीतच सांगून टाकलं.

मग असा नेता देश चालवू शकतो का? काही काळ, हो. त्यांचे भाऊ महिंदा यांच्या काळात 2009 मध्ये यादवी युद्ध संपलं आणि त्यानंतर विकासदर 8 टक्क्यांच्या आसपास गेला. तमिळांच्या जखमा तशाच राहिल्या, पण मतपेटीत त्याचा फटका लगेच बसला नाही.

गोटाबायांचं बिनसलं कुठे? कोविडमध्ये त्यांच्या सरकारने मुस्लिमांचे मृतदेहही जाळायला लावले. दफन चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. सरकारने ऐकलं नाही आणि बहुसंख्याकांतून फारसा आवाज उठला नाही. तज्ज्ञांचं न ऐकण्याची ही सवय पुढे सगळ्यांनाच महागात पडली.

2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. कृषितज्ज्ञ ओरडत राहिले. भाताचं उत्पादन घसरलं. यात सर्वाधिक भरडला गेला तो सिंहली शेतकरी, म्हणजे त्यांचाच मतदार! पण अडवणार कोण? एक भाऊ पंतप्रधान, दुसरा अर्थमंत्री, संसदेत दोन तृतीयांश बहुमत. शिवाय 2020 च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार आणखी वाढवलेले.

जुनं कर्ज आणि कोविडमुळे बुडालेलं पर्यटन हीही कारणं होतीच. पण तिजोरी कोरडी होत असताना व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय कोविडच्या आधीचा होता. एप्रिल 2022 मध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं.

त्याच महिन्यात गॉल फेसच्या आंदोलनात मुस्लिमांनी रोजा सोडला, तेव्हा सिंहली तरुणही सोबत बसले होते. 2024 च्या संसदीय निवडणुकीत तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही अनुरा कुमारा दिसानायके यांची आघाडी पहिली आली. दक्षिणेतल्या, सिंहली नेतृत्वाच्या पक्षाला तिथे असं यश याआधी मिळालं नव्हतं.