डिस्नेलँडच्या वेशीवरील खोली

लहान मुलांना घेऊन डिस्नेलँडला जाणाऱ्या कुटुंबाने कोणत्या हॉटेलात उतरावे, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर चर्चिण्याजोगा आहे काय? आमच्या काही साथींना तो हास्यास्पद वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांतला मुलगा वा लेक आज कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. आजी-आजोबा काही महिन्यांसाठी तिकडे जातात आणि नातवंडांना घेऊन ॲनाहाइमला दोन-तीन दिवस काढण्याचा बेत ठरतो. आपल्या कार्यकर्त्यांची घरेही याला अपवाद राहिलेली नाहीत. अशा वेळी खोली कोठे घ्यावी याचा सल्ला देण्यास कंपनीची जाहिरात तत्पर असते आणि आपण मात्र एक तर गप्प बसतो, नाही तर ‘असल्या ठिकाणी जाताच कशाला?’ असे म्हणून हात झटकतो. जेथे पैसा, श्रम आणि मूल ही तिन्ही एकाच खोलीत एकत्र येतात, तेथील प्रश्न जाहिरातदारांवर सोपविणे हा आमच्या मते शुद्ध आळस होय.

मुलाला काय हवे?

आधी मुलाचा विचार करू; कारण या व्यवहारात ज्याच्या नावाने सर्व खर्च होतो, त्याचीच गरज सर्वांत शेवटी विचारली जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाला हवी असते दुपारची झोप, ओळखीचे अन्न आणि पाय थकताच जवळ सापडणारा बिछाना. उद्यान सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालू असते. तेवढा वेळ कोणतेही लहान मूल तग धरू शकत नाही. सकाळी लवकर आत जावे, ऊन आणि गर्दी वाढली की खोलीवर परतावे, मुलाला निजवावे आणि संध्याकाळी पुन्हा जावे, हाच शहाणपणाचा क्रम. तो साधायचा तर हॉटेल पायी गाठता आले पाहिजे. म्हणून पहिली कसोटी ही की प्रवेशद्वारापासून बिछान्यापर्यंत बाबागाडी ढकलत किती मिनिटे लागतात. दुसरी कसोटी खोलीत फ्रिज आणि अन्न गरम करण्याची सोय आहे की नाही ही. कारण दूध, दहीभात, मऊ खिचडी यांवर वाढलेल्या नातवंडाचे पोट बर्गरने भरत नाही. तिसरी, सर्वांना पुरतील इतके पलंग. पोहण्याचे छोटे तळे असले तर उत्तमच. भिंतीवरील उंदराच्या चित्राचा क्रमांक या यादीत फार खाली लागतो.

या कसोट्यांवर पाहिले तर गंमत अशी दिसते की कंपनीचे सर्वांत जुने हॉटेल हे द्वाराला सर्वांत जवळचे नव्हे. उद्यानाच्या पूर्वेस हार्बर बुलेव्हार्ड नावाचा हमरस्ता आहे. तो ओलांडला की मोटेलांची रांगच लागते आणि त्यांतील कित्येकांपासून पाच-दहा मिनिटांत द्वाराशी पोहोचता येते. कंपनीचे ‘डिस्नेलँड हॉटेल’ पश्चिमेस आहे. तेथून निघालेल्या मुलाला आधी ‘डाउनटाउन डिस्ने’ हा कंपनीचाच बाजार पार करावा लागतो. त्या बाजारातून मुलाला काहीही न मागता पुढे नेणे किती पालकांना जमते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. २००१ साली उघडलेल्या ‘ग्रँड कॅलिफोर्नियन’ला शेजारच्या दुसऱ्या उद्यानात उघडणारा स्वतःचा दरवाजा आहे, ही सोय खरी, पण तेथील भाडेही तसेच, एका रात्रीला शेकडो डॉलर.

विकले जाते ते काय?

मग एवढे भाडे कशाचे? खोलीबरोबर मानही विकला जातो. हॉटेलात उतरणाऱ्यांना इतरांच्या आधी उद्यानात प्रवेश देण्याची सवलत कंपनी देत आली आहे आणि तिचे नियम स्वतःच्या सोयीने बदलतही आली आहे. पण पहाटे मुलाला झोपेतून ओढून काढण्याचा हा ‘मान’ त्या मुलाच्या काय कामाचा?

रांगेची कथा अधिक बोलकी आहे. १९९९ साली कंपनीने ‘फास्टपास’ सुरू केला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यावी आणि त्या वेळी थोड्या रांगेत खेळ गाठावा. ही चिठ्ठी प्रत्येक तिकीटधारकाला फुकट मिळे. महामारीनंतर २०२१ साली तिच्या जागी पैसे भरून घ्यावयाची व्यवस्था आली. २०२४ साली तर माणशी, दर दिवशी शेकडो डॉलर मोजणाऱ्यांसाठी याहूनही मोकळी वाट उघडण्यात आली. जे सर्वांना समान मिळत होते ते काढून घ्यावयाचे, त्यामुळे झालेली गैरसोय वाढू द्यावयाची आणि मग त्या गैरसोयीतून सुटका विकावयाची, हे भांडवलशाहीचे जुने तंत्र येथे बालगोपाळांच्या खेळावर चालविले गेले. आणि ज्या खेळांसाठी ही वाट प्रामुख्याने विकली जाते, त्यांतील अनेकांना उंचीची अट आहे. स्पेस माउंटनला ४० इंच, इंडियाना जोन्सला ४६ इंच. तीन वर्षांच्या मुलाच्या नावाने बाप ही वाट विकत घेतो आणि मूल मात्र बाहेर बाबागाडीतच राहते! एकाने मुलापाशी थांबावे, दुसऱ्याने खेळ पाहावा आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता जागा बदलावी, ही सोय उद्यानात विनामूल्य आहे. घरचे अन्न आत नेता येते. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. तान्ह्या बाळांना पाजण्यासाठी व स्वच्छ करण्यासाठी आत स्वतंत्र जागा आहे. मुलांच्या खऱ्या उपयोगाच्या इतक्या गोष्टी फुकट असताना खर्चाचा डोंगर उभा राहतो तो मोठ्यांच्या हौसेचा आणि धास्तीचा.

निवड आहे, ती कशामुळे?

ॲनाहाइममध्ये कुटुंबाला निवड करता येते, ती मालकाच्या औदार्यामुळे नव्हे. १७ जुलै १९५५ रोजी उद्यान उघडले तेव्हा संत्र्यांच्या बागा तोडून घेतलेली १६० एकर जमीन वॉल्ट डिस्नेंच्या हाती होती. हॉटेल बांधण्यास त्यांच्यापाशी पैसा उरला नव्हता. पहिले डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर या दूरचित्रवाणी-निर्मात्याने बांधले. कंपनीला ते १९८८ साली मिळाले. भोवतालच्या जमिनीवर इतरांनी मोटेले उभारली आणि उद्यानामुळे येणारा पैसा इतरांच्या गल्ल्यात जाताना पाहून डिस्ने हळहळले. म्हणून साठीच्या दशकात फ्लोरिडात त्यांनी बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन खरेदी केली. १९६७ साली राज्याच्या विधिमंडळाने तेथे कंपनीच्या मुठीतील जणू एक स्वतंत्र शासनच निर्माण करून दिले, ज्यावरील कंपनीचा ताबा थेट २०२३ साली संपुष्टात आला. तेथे कंपनीच्या हॉटेलांचे स्वस्त, मध्यम आणि उंची असे वर्गच पाडलेले आहेत. पाहुण्याला निवड आहे. पण ती बव्हंशी एकाच मालकाच्या कुंपणाच्या आत. हार्बर बुलेव्हार्डवरील मोटेलांची ती बेढब रांग कोणाला कुरूप वाटो. मक्तेदारीला राहून गेलेली ती एक फट आहे आणि लहान मुलांच्या कुटुंबांनी तिचा निःसंकोच लाभ घ्यावा.

चादर बदलणारे हात

आता दुसरी बाजू. ज्या बिछान्यावर आपले नातवंड निजते, त्याची चादर कोणीतरी बदलते. २०१८ साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने डिस्नेलँडच्या सुमारे ५ हजार कामगारांची पाहणी झाली. मागील दोन वर्षांत केव्हा ना केव्हा बेघर व्हावे लागल्याचे दहांतील एकाहून अधिकांनी सांगितले. पाहणी अशास्त्रीय आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण त्याआधी दहा वर्षे, २००८ साली, आरोग्यविम्यासाठी झगडणाऱ्या तिच्याच हॉटेलांतील कामगारांनी परीकथांतील पात्रांचे पोशाख घालून सत्याग्रह केला होता आणि पोलिसांनी टिंकरबेल व स्नो व्हाइट यांना बेड्या घालून नेल्याचे चित्र जगाने पाहिले होते. तेही अशास्त्रीय म्हणावयाचे काय?

या काळात ॲनाहाइम नगरपालिका कोणाच्या बाजूस होती? नगरपालिका पाहुण्याकडून खोलीच्या भाड्यावर १५ टक्के कर घेते. २०१६ साली तिने कंपनीच्या नियोजित ७०० खोल्यांच्या आलिशान हॉटेलासाठी वीस वर्षे या कराचा ७० टक्के भाग कंपनीलाच परत करण्याचे मान्य केले. रक्कम होती अंदाजे २६ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे पाहुण्याने शहरासाठी म्हणून भरलेला कर मालकाच्या खिशात! शहरातील नागरिकांनी यावर दिलेले उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. नगरपालिकेकडून करसवलत घेणाऱ्या हॉटेल व करमणूक उद्योगांनी कामगारांना निर्वाह-वेतन दिलेच पाहिजे, असा ‘मेझर एल’ नावाचा ठराव त्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मतपेटीतून मंजूर केला. वेतन २०१९ मध्ये तासाला १५ डॉलर आणि पुढे २०२२ पर्यंत १८ डॉलर. मतदानापूर्वीच कंपनीने त्या सवलतीचे करार स्वतः होऊन रद्द करून घेतले, नवे हॉटेलही सोडून दिले आणि ‘आता आम्हांस हा कायदा लागू नाही’ असा पवित्रा घेतला. कामगार न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले; परंतु २०२३ साली अपील न्यायालयाने कंपनीस हा कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. शहराने वाहनतळ आदी कामांसाठी उभारलेल्या जुन्या रोख्यांतून कंपनीला लाभ मिळतच होता, हे न्यायालयास पटले. २०२४ साली कंपनीने २३ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ५० हजारांवर कामगारांचे ते पैसे होते.

अडचणीचा प्रश्न

येथे एक प्रामाणिक अडचण उभी राहते आणि ती झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही. कंपनीच्या हॉटेलांतील कामगार संघटित आहेत. हार्बरवरील स्वस्त मोटेलांत संघटना अभावानेच आढळते. मग मुलाच्या सोयीसाठी स्वस्त मोटेल निवडणारा समाजवादी कामगाराशी द्रोह करतो काय?

आमचे उत्तर असे की, कामगाराचा न्याय पाहुण्याच्या खोली-निवडीवर टांगून ठेवणे हीच मुळात चूक आहे. जास्त भाडे म्हणजे जास्त वेतन, हे समीकरण खोटे आहे. भाडे सर्वाधिक होते तेथेच कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ॲनाहाइमच्या कामगारांच्या हाती जे पडले ते कायद्याने, संघटनेने आणि न्यायालयातील चिकाटीने. पाहुण्यांच्या सद्‌भावनेने त्यांना एक डॉलरही वाढवून दिला नाही. आणि कायद्याची कक्षा अपुरी होती हेही खरे. करसवलत न घेणारी मोटेले तिच्या बाहेर राहिली. सर्वच हॉटेल-कामगारांना तासाला २५ डॉलर देऊ पाहणारा ठराव ऑक्टोबर २०२३ मध्ये मतदारांनी फेटाळला. तो पराभव पुसून काढण्याचे काम तेथील मतदारांचे आहे आणि आपली जी मुले आज तेथील नागरिक झाली आहेत, त्यांचेही आहे. भारतातील आईबापांनी नातवंडांच्या फोटोंबरोबर हेही त्यांना विचारावे.

पाहुण्याचे कर्तव्य मर्यादित, पण स्पष्ट आहे. संप चालू असलेल्या हॉटेलात पाऊल टाकू नये. २०२३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस व ऑरेंज परगण्यांतील हजारो हॉटेल-कामगार संपावर गेले, तेव्हा संपफोड्या पाहुण्यांनी मालकांना बळ दिले. कोठे संघटना आहे आणि कोठे बहिष्कार चालू आहे याची यादी अमेरिकेतील हॉटेल-कामगार संघटना प्रसिद्ध करते. आरक्षणापूर्वी ती पाहावी. द्वारापासून सारख्याच अंतरावर, सारख्याच भाड्याची दोन हॉटेले असली तर संघटित हॉटेल घ्यावे. पर्यावरणाचे नाव सांगून रोजची सफाई नाकारण्यास सुचविले जाते; त्यातून सफाई करणाऱ्या बाईचे कामाचे तास कापले जातात आणि साचलेल्या खोलीचा भार पुन्हा तिच्याच पाठीवर पडतो. ती सूचना मान्य करू नये आणि निघताना तिच्यासाठी पैसे ठेवण्यास विसरू नये.

‘मुलांच्या आनंदात राजकारण आणू नका’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे की ते कंपनीने आणि नगरपालिकेने केव्हाच आणले आहे. आणि ‘तेथे जाऊच नका’ असे म्हणणाऱ्या कडव्या साथींना साने गुरुजींची आठवण द्यावीशी वाटते. मुलांच्या आनंदाला क्षुल्लक मानणारी चळवळ त्यांनी आपल्याला शिकविलेली नाही. डम्बो हत्तीवर बसून हसणारे मूल कोणाचेही शोषण करीत नाही. त्याच्या हसण्याचा भाव ठरविणाऱ्यांशी आपला झगडा आहे.

तेव्हा खोली निवडावी ती मुलाच्या झोपेवरून. कंपनीच्या मानापानाला भुलू नये आणि स्वस्त खोली घेतल्याची शरमही बाळगू नये. उरलेली लढाई पाहुण्याच्या पाकिटातून लढावयाची नसून संघटनेच्या आणि मतपेटीच्या बळावर लढावयाची आहे. ॲनाहाइमच्या कामगारांनी ती कशी जिंकता येते हे दाखवून दिले आहे.